इलेक्ट्रिक गाडी घ्यायची का? शोरूमला जाण्याआधी वीजबिल हातात घ्या

इलेक्ट्रिक गाडी बघायला गेलेला माणूस शोरूममध्ये पहिल्यांदा विचारतो, ‘एका चार्जमध्ये किती चालते?’ त्याआधी दोन प्रश्नांची उत्तरं घरीच शोधायला हवीत. गाडी रात्री कुठे उभी राहणार? आणि महावितरणच्या बिलात महिन्याला किती युनिट पडतात? पैसे वाचणार की नाही, हे बहुतेक इथेच ठरतं. रेंजचा विचार त्यानंतर, आणि नाशिककरांनी तो कसारा घाट धरूनच करायचा.

किलोमीटर कितीला पडतो

बॅटरीची क्षमता किलोवॅट-अवरमध्ये सांगतात. एक किलोवॅट-अवर म्हणजे बिलावरचं एक युनिट. टियागोसारखी छोटी गाडी शहरात १०० किलोमीटरला साधारण ११-१२ युनिट खाते, नेक्सॉनच्या आकाराची १३-१४. पण बॅटरीत जेवढी वीज जाते त्याहून जास्त मीटरवर पडते, कारण चार्जिंग करताना १० ते १५ टक्के वीज उष्णतेच्या रूपात वाया जाते. म्हणून हिशेबाला १०० किलोमीटरमागे मीटरवरचे १५ युनिट धरावेत.

आता दर. ‘किलोमीटरला एक रुपया’ हा आकडा सर्रास ऐकवला जातो. तो निघतो ७ रुपये युनिटने, म्हणजे घरगुती दराच्या पहिल्या, १०० युनिटपर्यंतच्या टप्प्याने. पण गाडीचे युनिट घरच्या वापराच्या डोक्यावर चढतात, त्यामुळे त्यांना वरच्या टप्प्याचा दर लागतो. वहन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क धरून ढोबळ दर असे: १०० पर्यंत ७ रुपये, १०१ ते ३०० ला १३, ३०१ ते ५०० ला १७, त्यापुढे १९ च्या आसपास. नेमके दर आपल्या ताज्या बिलाच्या मागच्या बाजूला पाहून घ्या, ते बदलत राहतात.

समजा इंदिरानगरातल्या एका घरात महिन्याला २५० युनिट लागतात आणि गाडी महिन्याला १,००० किलोमीटर चालणार आहे. गाडीचे १५० युनिट वाढले. त्यातले पहिले ५० तेराच्या दराने, म्हणजे ६५० रुपये. उरलेले १०० सतराच्या दराने, म्हणजे १,७००. एकूण २,३५०. किलोमीटरला २ रुपये ३५ पैसे. ज्या घरात ९० युनिटच लागतात, तिथे हाच खर्च १ रुपया ९० पैशांवर येतो. दोन एसी चालणाऱ्या, ५०० च्या पुढे गेलेल्या घरात तो २ रुपये ८५ पैसे होतो.

तुलनेसाठी पेट्रोल १०४ रुपये लिटर आणि शहरातलं ॲव्हरेज १५ धरलं, तर किलोमीटरला ७ रुपये. सीएनजी ९५ रुपये किलो आणि ॲव्हरेज २२ धरलं, तर ४ रुपये ३० पैसे. नाशिकमध्ये इलेक्ट्रिक गाडीची खरी स्पर्धा सीएनजीशी आहे आणि तिथला फरक पेट्रोलइतका मोठा नाही. बाहेरच्या फास्ट चार्जरवर जीएसटीसह २० ते २५ रुपये युनिट लागतात. म्हणजे किलोमीटरला ३ ते पावणेचार रुपये, जवळजवळ सीएनजीइतके. घरी किंवा कामाच्या ठिकाणी चार्जिंगची सोय होणार नसेल, तर केवळ पैसे वाचवण्यासाठी इलेक्ट्रिक गाडी घेऊ नका. आवाज नाही, धूर नाही, गिअर नाहीत, यासाठी घ्यायची असेल तर गोष्ट वेगळी.

आता किमतीतला फरक. तुम्ही पाहत असलेल्या इलेक्ट्रिक गाडीची आणि तिच्याच तोडीच्या पेट्रोल गाडीची ऑन-रोड किंमत शेजारी लिहा. फरक २ लाख निघाला असं धरू. पेट्रोलच्या तुलनेत किलोमीटरला साधारण ४ रुपये ७० पैसे वाचतात, म्हणजे ४२-४३ हजार किलोमीटरवर पैसे वसूल. गंगापूर रोडवरून रोज सिन्नरच्या एमआयडीसीत किंवा गोंद्याला जाणाऱ्याचे ते तीन वर्षांच्या आत होतात. कॉलेज रोडवर दुकान, घर पंडित कॉलनीत आणि महिन्याला जेमतेम ४०० किलोमीटर, अशा माणसाला नऊ वर्षं लागतील. सीएनजी गाडी सोडून इलेक्ट्रिक घेणाऱ्याची बचत किलोमीटरला दोनच रुपये असते, त्यामुळे त्याला लाखभर किलोमीटर चालवावी लागेल. इंजिन ऑइल, क्लच, प्लग, टायमिंग बेल्ट यांचा खर्च नसल्यामुळे सर्व्हिसिंगमध्ये वर्षाला काही हजार वाचतात. पण गाडी वजनदार आणि टॉर्क जास्त, म्हणून टायर लवकर झिजतात. तेही हिशेबात धरा.

बॅटरी भाड्याने देणारी योजना सांगितली, तर कागदावर दोन आकडे शोधा: किलोमीटरमागचं भाडं आणि दर महिन्याचं किमान किलोमीटर. गाडीची किंमत कमी दिसते, पण ते भाडं विजेच्या खर्चात मिळवलं की बहुतेक वेळा पेट्रोलच्या जवळ जाऊन पोहोचतं. आणि गाडी कमी चालली तरी किमान किलोमीटरचे पैसे भरावेच लागतात.

वीज स्वस्त कशी पडेल

‘रात्री चार्ज करा, स्वस्त पडतं’ हा सल्ला घरगुती ग्राहकाला सध्या लागू नाही. टीओडी (वेळेनुसार दर लावणारं) मीटर बसलेल्या घरगुती ग्राहकांना जुलै २०२५ पासून सवलत मिळते ती सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर, युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया. गाडी दुपारी घरी असेल, किंवा रविवारचं चार्जिंग दिवसा करता येत असेल, तर याचा फायदा घ्या.

बंगला किंवा रो-हाउस असेल तर छतावरचं सौर हा याहून मोठा उपाय. ३ किलोवॅटचा संच नाशिकच्या उन्हात वर्षाच्या सरासरीने महिन्याला ३५० युनिटच्या आसपास देतो. जुलै-ऑगस्टमध्ये तो खाली येतो. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे. गाडी आणि सौर दोन्ही करायचं असेल तर संच ठरवतानाच गाडीचे युनिट धरा, मागाहून पॅनेल वाढवायला कागदपत्रं पुन्हा करावी लागतात.

तिसरा मार्ग म्हणजे गाडीसाठी वेगळी जोडणी. महावितरणच्या दरपत्रकात ईव्ही चार्जिंगचा वेगळा वर्ग आहे आणि त्याचा दर घरगुती दरासारखा टप्प्याटप्प्याने चढत नाही. बिल आधीच ३०० युनिटच्या पुढे असेल तर हा मार्ग विचारात घ्यावा. मात्र स्थिर आकार आणि मागणी आकार धरून तुलना करा.

एक गोष्ट मळ्यात राहणाऱ्यांसाठी. मखमलाबाद, आडगाव, दिंडोरीकडे घराशेजारीच शेतीपंपाचं मीटर असतं आणि तिथून केबल ओढायचा मोह होतो. तसं करू नका. शेतीच्या जोडणीवर गाडी चार्ज करणं हा वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतो आणि आकारणी लागू दराच्या दुपटीने होते. शिवाय पंपाच्या फीडरवर वीज पाळीने येते आणि व्होल्टेज खालीवर होतं, त्याने चार्जिंग मध्येच तुटतं.

मीटरपासून पार्किंगपर्यंत

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून हे सावकाश वाचा.

रोज ४० किलोमीटर चालणाऱ्या गाडीला साधारण ६ युनिट लागतात. १५-१६ अँपिअरच्या पॉइंटवर सुमारे ३ किलोवॅटने चार्जिंग होतं, म्हणजे दोन तासांचं काम. म्हणून बहुतेकांना ७.२ किलोवॅटच्या वॉल बॉक्सची, म्हणजे भिंतीवर बसवायच्या जलद चार्जरची, रोजची गरज नसते. ४५ युनिटची बॅटरी साध्या पॉइंटवर पूर्ण भरायला १५ तास लागतात. मुंबईहून रात्री ११ ला येऊन सकाळी ६ ला पुन्हा निघणारा माणूस असेल, तर मात्र वॉल बॉक्स घ्यावा.

बिलावर ‘मंजूर भार’ लिहिलेला असतो. जुन्या घरांत तो २-३ किलोवॅटच असतो. त्यावर ३ किलोवॅटचं चार्जिंग, २ किलोवॅटचा गीझर आणि दीड किलोवॅटचा एसी एकाच वेळी चालला की एमसीबी पडतो, नाहीतर मीटरपाशी तार तापते. भार वाढवण्याचा अर्ज महावितरणच्या पोर्टलवर किंवा ॲपवर होतो. मग फर्म कोटेशन येतं, पैसे भरल्यावर भार वाढतो. साधा पॉइंट असेल तर आहे त्या भारात ३ ते ३.५ किलोवॅट आणि ७.२ चा वॉल बॉक्स असेल तर साडेसात किलोवॅट वाढवा. थ्री फेज घेण्याआधी विचार करा, कारण त्याचा स्थिर आकार सिंगल फेजपेक्षा बराच जास्त असतो.

वायरिंग करताना इलेक्ट्रिशियनला नेमकं सांगायचं ते असं. मीटरपासून गाडीच्या पॉइंटपर्यंत स्वतंत्र लाइन हवी, गीझरच्या किंवा इन्व्हर्टरच्या लाइनवरून फाटा नको. १६ अँपिअरला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर. ३२ अँपिअरच्या वॉल बॉक्सला ६ ची, आणि अंतर २०-२५ मीटरच्या पुढे असेल तर १० ची, नाहीतर लांब तारेत व्होल्टेज गळतं. लाइनच्या सुरुवातीला ४० अँपिअरचा एमसीबी (साध्या पॉइंटला २०), सोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच. सॉकेट घरातला नेहमीचा मॉड्युलर नको, औद्योगिक प्रकारचा निळा घ्या. मॉड्युलर सॉकेट मिक्सर-गीझरसाठी असतो. सलग १० तास १५ अँपिअर ओढल्यावर त्याच्या पिना तापतात, प्लास्टिक पिवळं पडतं आणि शेवटी वितळतं. एक्स्टेन्शन बोर्ड तर कधीच नाही.

अर्थिंग हा या सगळ्याचा कणा. गाडीचा चार्जर चार्जिंग सुरू करण्याआधी अर्थिंग तपासतो आणि खराब असेल तर चालू होतच नाही. नवी गाडी घरी आली, केबल लावली आणि लाल दिवा लागला, की लोक सर्व्हिस सेंटरला फोन करतात. दोष बहुतेक वेळा घराच्या अर्थिंगचा निघतो. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मल्टिमीटर लावून पाहा. आकडा ३ व्होल्टच्या आत असावा. जास्त दिसत असेल तर गाडीसाठी वेगळा अर्थिंगचा खड्डा करा. नाशिकच्या मुरमाड, खडकाळ जमिनीत उन्हाळ्यात ओल राहत नाही आणि फेब्रुवारीत उत्तम असलेलं अर्थिंग मे महिन्यात बिघडतं. खड्ड्यात वर्षातून दोनदा पाणी ओतायला विसरू नका.

सोसायटीत राहणाऱ्यांनी गाडी बुक करण्याआधी समितीशी बोलावं. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार घरच्या आहे त्या वीजजोडणीवरून गाडी चार्ज करता येते, त्यामुळे ‘सोसायटीत चालतच नाही’ असं सरसकट म्हणता येत नाही. पण समितीच्या शंका खऱ्या असतात आणि त्यांची उत्तरं घेऊनच जावं. अर्जासोबत चार गोष्टी द्या: तुमच्या फ्लॅटच्या मीटरपासून पार्किंगपर्यंत केबलचा मार्ग दाखवणारं साधं रेखाचित्र, केबल आर्मर्ड (पोलादी कवचाची) असेल आणि पाइपातून जाईल याची हमी, परवानाधारक इलेक्ट्रिशियनचं नाव, आणि लाइन तुमच्याच मीटरवर असेल, सामाईक मीटरवर नाही, हे स्पष्ट लिहिलेलं. शेवटच्या मुद्द्यावरून भांडणं होतात. सामाईक मीटरवर सब-मीटर लावून महिन्याला पैसे देण्याची सोय तात्पुरती ठीक आहे, पण दहा गाड्या झाल्या की सामाईक जोडणीचा भार पुरत नाही. इमारतीत दोन-तीन जणांचा विचार चालू असेल तर एकत्र अर्ज करून मीटर रूममधून एकच जाडसर केबल पार्किंगपर्यंत आणा.

कसारा उतरताना आणि चढताना

ब्रोशरवरची रेंज प्रयोगशाळेतल्या चाचणीची असते. शहरात तिच्या साधारण ७० टक्के धरा, महामार्गावर ६० ते ६५.

नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंच आहे आणि मुंबई किनाऱ्यावर. १,६०० किलोची गाडी ६०० मीटर वर आणायला सुमारे २.६ युनिट ऊर्जा लागते, मोटर आणि बॅटरीतली गळती धरली की तीन. उतरताना यातली सगळी नाही, पण बरीचशी परत मिळते, कारण उतारावर मोटर उलटी चालून बॅटरी भरते. परिणाम असा की मुंबईहून नाशिकला येताना जाण्यापेक्षा ४-५ युनिट जास्त लागतात. म्हणजे २५ ते ३० किलोमीटरची रेंज कमी. ‘जाताना ५० टक्के लागले, येतानाही ५० लागतील’ हा अंदाज शहापूरच्या पुढे चुकू लागतो.

अंतर १७० किलोमीटर धरू. ४५ युनिटची गाडी ९० च्या वेगाने १०० किलोमीटरला १५-१६ युनिट खाते. जाताना २४-२५ लागतील, येताना २९. दोन्ही मिळून ५३-५४. एका चार्जमध्ये जाऊन-येऊन होत नाही. मुंबईत किंवा ठाण्यात काम चालू असताना १५-२० युनिट भरून घ्या, नाहीतर परतीच्या वाटेवर घाटाच्या आधी अर्धा-पाऊण तास थांबा. २४-२५ युनिटच्या गाडीला जाताना कसंबसं पुरतं, येताना मध्ये थांबावंच लागतं. महिन्यातून दोनदा मुंबई असेल तर ती गाडी तुमच्यासाठी नाही. पुण्याचं अंतर सुमारे २१० किलोमीटर. चंदनापुरी आणि खेड घाट लागतात, पण दोन्ही शहरं जवळपास सारख्याच उंचीवर असल्यामुळे जाण्या-येण्यात मोठा फरक पडत नाही.

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला आणि घाटातली कोंडी टळली. राज्याच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात समृद्धीवर इलेक्ट्रिक गाड्यांना टोलमाफीही आहे. घोटीचा टोल मात्र राष्ट्रीय महामार्गावरचा, तो द्यावाच लागतो. समृद्धीवर गाडी सहज १२० ला जाते, आणि रेंज नेमकी तिथे जाते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ९० वरून १२० ला गेलात की तो पावणेदोन पट होतो. परतीच्या प्रवासात चढ आणि १२० चा वेग एकत्र आले, तर टक्केवारी डोळ्यांदेखत उतरते. अशा वेळी वेग ९० वर आणा. एसी बंद करून जेवढं वाचतं त्याच्या कितीतरी पट जास्त वेगातून वाचतं.

आणखी एक बारकावा. इगतपुरीच्या रिसॉर्टमध्ये मुक्काम करून सकाळी १०० टक्के चार्जवर कसारा उतरू नका. बॅटरी भरलेली असते, ऊर्जा घ्यायला जागा नसते, त्यामुळे मोटरचं ब्रेकिंग मिळत नाही आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. ८५-९० टक्क्यांवर थांबवून निघा.

लांबच्या प्रवासाआधी दोन-तीन चार्जिंग कंपन्यांची ॲप घरीच उतरवून घ्या. नकाशावर हिरवा दिसणारा चार्जर बंद निघतो किंवा रांग असते, म्हणून पुढच्या चार्जरपर्यंत पोहोचण्याइतकी वीज हाताशी ठेवूनच थांबा. ८० टक्क्यांच्या पुढे फास्ट चार्जर मुद्दाम वेग कमी करतो. २० ते ८० ला जेवढा वेळ लागतो, जवळपास तेवढाच ८० ते १०० ला जातो. ८० ला केबल काढून निघणं शहाणपणाचं, मागे थांबलेल्याचीही सोय होते.

बॅटरी, पाऊस आणि थंडी

आतल्या रसायनानुसार बॅटरी दोन प्रकारची असते: एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) आणि एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट). कोणती आहे ते विक्रेत्याकडून लेखी घ्या. एलएफपी अधूनमधून १०० टक्के भरावी लागते, नाहीतर टक्केवारीचा अंदाज चुकतो आणि २० टक्के दाखवणारी गाडी अचानक ८ वर येते. एनएमसी रोज ८० पर्यंतच भरावी, पूर्ण फक्त प्रवासाआधी. वॉरंटी बहुतेक गाड्यांना ८ वर्षं किंवा १.६ लाख किलोमीटर असते, पण क्षमता किती टक्क्यांखाली गेल्यावर बॅटरी बदलून मिळते ते वाचा. जुनी गाडी घेताना बॅटरीच्या आरोग्याचा अहवाल सर्व्हिस सेंटरमधून काढल्याशिवाय पैसे देऊ नका.

पावसात चार्जिंग करणं सुरक्षित आहे. बॅटरीला आयपी६७ दर्जा असतो, म्हणजे एक मीटर पाण्यात ३० मिनिटं तग धरते. पण हा दर्जा स्वच्छ, स्थिर पाण्यासाठी असतो, गोदावरीच्या पुरासाठी नाही. दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागल्याची बातमी आली की गोदाघाटावरची गाडी आधी हलवा. गाडी पाण्यात उभी राहिली असेल तर चार्जिंगला लावू नका, सुरूही करू नका, टो करून न्या. थंडीत पहाटे रेंज ५-१० टक्के कमी दिसते आणि मोटरचं ब्रेकिंग सुरुवातीला कमी मिळतं. निफाडकडच्या लोकांना हे डिसेंबर-जानेवारीत जाणवेल. तो बिघाड नाही.

बंद पडण्याचं सगळ्यात साधं कारण मोठी बॅटरी नसते. बोनेटखाली १२ व्होल्टची लहान बॅटरी असते. ती उतरली की मोठ्या बॅटरीत ८० टक्के असूनही गाडी उघडत नाही. तीन-चार वर्षांनी ती तपासून बदला.

कागदोपत्री

इलेक्ट्रिक गाडीवर जीएसटी ५ टक्के आहे. महाराष्ट्रात तिला वाहन करातून सूट आहे, तर १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला तो ११ टक्के लागतो. किमतीची तुलना एक्स-शोरूमवर केली तर हा लाखभराचा फरक दिसतच नाही, म्हणून ऑन-रोडवरच करा. थर्ड पार्टी विम्याचा हप्ता १५ टक्के कमी असतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता बॅटरीमुळे जास्त येऊ शकतो. बॅटरी आणि चार्जिंग केबल यांचं संरक्षण पॉलिसीत आहे का, ते पाहा. कर्जाच्या व्याजावर आयकराच्या कलम ८०ईईबी खाली दीड लाखाची वजावट मिळते असं कोणी सांगितलं, तर ती फक्त ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांना होती.

गाडी ताब्यात घेताना फास्टॅग इलेक्ट्रिक वाहन म्हणून नोंदला आहे का, ते तिथेच तपासा. नोंद चुकली की समृद्धीवर टोल कापला जातो आणि परत मिळवायला अर्ज करत बसावं लागतं. आणि सोबत मिळणारी केबल शोरूमच्या सॉकेटवर नाही, शक्य असेल तर टेस्ट ड्राइव्हच्याच दिवशी आपल्या पार्किंगमधल्या पॉइंटवर लावून अर्धा तास चार्जिंग करून बघा.